सकाळी सहाचं पाणी

रविवार, ९ जानेवारी २००५

आजपासून ही वही. ऑफिसात रोज स्टेटस रिपोर्ट लिहितो आणि त्यातलं निम्मं खरं नसतं. निदान इथे खरं लिहायचं असा बेत आहे.

आज पहिल्यांदा शिडाच्या होडीत बसलो. खडकवासल्याच्या वरच्या अंगाला जे धरण आहे, त्याच्या पाठच्या पाण्यावर काही निवृत्त अधिकारी एक छोटा क्लब चालवतात. चार होड्या, पत्र्याची एक शेड आणि शिकवायला मच्छिंद्र. हा तिथलाच, साठीच्या पुढचा, डोक्याला कायम टॉवेल. अधिकाऱ्यांकडून शिकलो आणि आता त्यांच्यापेक्षा बरी चालवतो, असं तो स्वतःच सांगतो.

दोन तासांत कळलं ते एवढंच, की होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. थोडं तिरकं जायचं, मग उलट्या बाजूने तिरकं, आणि असं करत करत पुढे सरकायचं. प्रत्येक वळणाला शिडाखालची आडवी काठी या बाजूची त्या बाजूला जाते, तेव्हा डोकं खाली घालायचं असतं. मी दोनदा घातलं, तिसऱ्यांदा विसरलो. कपाळावर टेंगूळ आलं आहे.

ऋतुजाने बर्फ लावला. "दोन आठवड्यांपूर्वी सुनामी आली, लोक किनारा सोडून पळतायत, आणि आमच्याकडे समुद्रावर राहायला जायचा अभ्यास सुरू," म्हणाली. पेठेत वाढलेली बायको केली की बर्फाबरोबर हेही लावून घ्यावं लागतं.

बेत असा आहे. दोन वर्षं शिकायचं, मग हिंजवडीची नोकरी सोडायची, एक तीस फुटी जुनी होडी घ्यायची आणि तिच्यातच राहायचं. दोन बिछाने, एक शेगडी, दोनशे लिटरची पाण्याची टाकी. आमचं गाव कुसरवाडी, ते याच धरणात गेलं, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. पुनर्वसनात पुण्याजवळच्या मांजरी गावात जमीन मिळाली, तिच्यावर आता बिल्डरांचा डोळा आहे. ज्या घराखाली जमीनच नाही ते घर कोणाला संपादन करता येणार नाही, हे वाक्य मला इतकं आवडलं की ऋतुजाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, भाजी कोण आणणार.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

परतताना एका अरुंद वळणाच्या तोंडाशी मच्छिंद्रने चपला काढून हातात घेतल्या, आणि ते मागे पडल्यावर पुन्हा घातल्या. भिजल्या असतील.

रविवार, १६ जानेवारी

सुकाणू हातात दिलं. मी उजवीकडे ओढलं की होडी डावीकडे जाते, हे मेंदूला पटायला तासभर लागला.

मच्छिंद्रने आडनाव विचारलं. "मरळ? कुसरवाडीचं मरळ? मंजे रंगरावाचा तू." वडील जाऊन सहा वर्षं झाली म्हणालो, तर त्याला ते माहीत होतं. मग बराच वेळ तो शिडाचा दोर बोटाला गुंडाळत बसला.

"आई कुठं असती?"

"मांजरीला. एकटीच राहते, ऐकत नाही."

"पानी कुठलं पिती?"

असला प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. विहिरीचं, म्हणालो. त्याने मान हलवली. "तू हितं येतो ते तिला ठाव हाय?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "बरं."

त्या अरुंद वळणात जाऊ या म्हटलं, तर तिथं वारा पडतो म्हणाला. मला तर काठावरची झाडं चांगली हलताना दिसत होती. शिकवणाऱ्याशी वाद घालू नये म्हणून गप्प बसलो.

बुधवार, २६ जानेवारी

सुट्टी होती म्हणून मांजरीला गेलो, तर आई पोटाला उशी लावून वाकून बसलेली. चार दिवस दुखतंय आणि फोन नाही. डॉक्टरकडे नेलं. मुतखडा आहे. दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर मूत्रपिंडावर जाईल, आणि या वयात ते झेपणार नाही, असं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, जणू मीच पाणी तोडलं होतं.

तिच्या पाण्याचं खूळ इथे लिहून ठेवतो. ती धरणाचं पाणी पीत नाही. उसाला पाटाचं पाणी चालायचं, तिला नाही. लग्नाच्या पंगतीत ती हातातला पेला तसाच खाली ठेवते. कर्वेनगरला आमच्याकडे आली तर स्वतःचा कॅन घेऊन येते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते. मी लहानपणी कारण विचारलं तेव्हा वडिलांनी गप्प बसवलं, "तिला चव लागत न्हाई." इतकी वर्षं मी हेच धरून चाललो आहे. आता शेजारी दोन टॉवर उभे राहिले, त्यांनी खोल बोअर घेतले आणि आमच्या विहिरीत गुडघाभर गढूळ पाणी उरलं. त्यातलंच वस्त्रगाळ करून ती दोन-दोन घोट पुरवून पीत होती.

"चल माझ्याकडे," म्हटलं.

"तुज्याकडं पानी धरनाचं."

शेवटी मी थेऊरच्या एका ओळखीच्या विहिरीवरून कॅन भरून आणायचं कबूल केलं, तेव्हा उठली.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

आई इथे आहे. दर दोन दिवसांनी थेऊर. हिंजवडी शहराच्या एका टोकाला, थेऊर दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे. काल घरी पोचायला दहा वाजले. ऋतुजा म्हणाली, "बाटलीबंद आण ना." आणलं होतं. आईने मला बाटलीवरचं वाचायला लावलं, कुठे भरलंय ते, आणि पत्ता ऐकून बाटली ऋतुजाला देऊन टाकली.

बुधवार, ९ फेब्रुवारी

केलं एकदाचं.

शनिवारी क्लायंटला डिलिव्हरी आहे, थेऊरला जायला वेळ नाही आणि कॅन रिकामा. संध्याकाळी मी कॅन घेऊन खाली गेलो, सोसायटीच्या आवारात कॉर्पोरेशनचा नळ आहे तिथे भरला, तासभर गाडीत रेडिओ ऐकत बसलो आणि धापा टाकत वर आलो. कॅनच्या तळाला थोडी माती लावायलाही विसरलो नाही.

आईने तांब्या भरला. एक घोट घेतला, थांबली, माझ्याकडे पाहिलं. मग तिने डोळे मिटून सगळा तांब्या संपवला, आणि पाठोपाठ आणखी एक. कळलं नाही तिला. चौतीस वर्षांची चव म्हणे. मला इतका विजय प्रमोशन मिळाल्यावरही वाटला नव्हता.

ऋतुजाला सांगितलं. तिला हसू येईल असं वाटलं होतं. "मला हे आवडलं नाही," एवढंच म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

रविवार, २० फेब्रुवारी

आज होडी एकट्याला मिळाली. वारा छान होता. सरळ रेषेत सुकाणू धरलं, शीड भरलं, आणि पाण्याचा तो आवाज तळाखाली सुरू झाला की वाटतं, हेच घर. मग मस्ती सुचली आणि मच्छिंद्र टाळतो त्या वळणात शिरलो.

वारा पडला. काठावरची झाडं हलत होती आणि माझं शीड लोंबत होतं. याला कारण असणार, डोंगराच्या आडोशाला असं होतं, मी नंतर वाचलंही. पण होडी डाव्या अंगाला किंचित कलली, खालून कोणी काठाला हात घालावा तशी, आणि कललेलीच राहिली. मी वाकून पाहिलं. हिरवं पाणी, बाकी काही नाही. तेवढ्यात उलट्या बाजूने झोत आला आणि मी होडीसकट पालथा झालो.

लाइफ जॅकेट शिडाच्या दोरात अडकलं. पाणी प्यायलो, भरपूर. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. खाली फार शांत होतं आणि एक क्षण वर यायची घाई वाटली नाही.

मच्छिंद्र वल्ही मारत आला. एका शब्दाने रागावला नाही. शेडपाशी पोचल्यावर त्याने चहासाठी आणलेली दुधाची बाटली उचलली, गुडघाभर पाण्यात गेला आणि सगळं दूध हळूहळू ओतून दिलं. नासलं होतं का, विचारलं. "न्हाई," म्हणाला. आम्ही कोरा चहा प्यायलो.

घरी आई दारातच होती. माझं डोकं खाली ओढून तिने केसांचा वास घेतला. "धरनात गेलतास." मी कबूल केलं, सगळंच, क्लब, होडी, रविवार. आता आभाळ कोसळणार म्हणून थांबलो, तर तिने विचारलं, "नाकातोंडात गेलं का पानी?"

"गेलं थोडं."

"काय ऐकू आलं का?"

"पाण्याखाली काय ऐकू येणार?"

तिने पदराने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं. वय झालंय तिचं.

रविवार, ६ मार्च

डॉक्टर खूश. खडा सरकतोय, आईचा रंग परत आलाय. मांजरीला जायचं नावही काढत नाही. कॅनचं नाटक मी चालूच ठेवलंय, आता सरावलो आहे.

ऋतुजाची तक्रार वेगळीच. आमच्या स्वयंपाकघरात टाकीच्या नळाशेजारी कॉर्पोरेशनचा थेट नळ आहे, पिण्याचा. तो सकाळी सहा ते सात येतो. आई साडेपाचला उठून त्याच्यासमोर पाट मांडून बसते. सहाला पाइपात गुरगुर होते, पाणी येतं, ती नुसती धारेखाली हात धरते. दुपारी तांब्या मांडीवर घेऊन बसते आणि काहीतरी पुटपुटते. मी म्हटलं, नामस्मरण असेल. ऋतुजा म्हणाली, "अंगाई होती, जयसिंग. मी दाराआडून ऐकली."

म्हाताऱ्या बायकांना कुठलीही गाणी आठवतात.

रविवार, २० मार्च

आज वाऱ्याविरुद्ध तिरकं-तिरकं करत धरणाच्या भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो, एकही चूक न करता. मच्छिंद्र म्हणाला, "आता तुजं हात ऐकाय लागलं." गोव्यात एका गृहस्थाची तीस फुटी होडी विकायची आहे, त्याला मेल टाकला. फोटो आला. आत निळ्या गाद्या आहेत.

जेवताना आईला फोटो दाखवला, एकदाचं सगळं सांगून टाकलं. तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"समुद्राचं पानी खारट. प्यायचं काय?"

"टाकी असते आई. दोनशे लिटर. इथून भरून न्यायची."

"हितनं? पुन्यातनं?"

"हो, कुठूनही."

"हितनंच ने," ती म्हणाली आणि पुन्हा भात कालवू लागली. इतक्या सहज परवानगी मिळेल असं वाटलं नव्हतं.

रविवार, २४ एप्रिल

सकाळपासून तीनदा वही उघडली आणि मिटली.

धरण खूप खाली गेलंय. त्या वळणात आता चिखल आणि दगड दिसतात. मच्छिंद्र स्वतःच म्हणाला, चल. तोंडाशी चपला काढल्या, मलाही काढायला लावल्या. उतरून चालत गेलो. तडकलेल्या गाळातून जोत्यांचे दगड वर आलेले, ओळीने. एका जोत्यापाशी थांबून म्हणाला, "ह्ये तुमचं. हितं उंबरा. हितं चूल." मी वाकून चुलीची जागा बघत होतो. तो मागच्या बाजूला गेला. तिथे एका झाडाचा काळा बुंधा आहे, त्याच्याशी तो उकिडवा बसला.

"आन् हितं हिरा."

मी विचारलं, कोण हिरा.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला ठाऊक नाही हे त्याला खरं वाटेना. मग सांगितलं. माझ्या आधीची. पाच महिन्यांची होती, तापाने गेली. दात आलेले नसले की बाळाला जाळत नाहीत, पुरतात. परसात उंबराच्या झाडाच्या बुडाशी पुरली. आणि नवव्या दिवशी पाणी आलं, सांगितलेल्या तारखेच्या महिनाभर आधी. सगळे भांडी, जनावरं काढत होते आणि आई हाताने माती उकरत होती. तिला पोर बरोबर न्यायची होती. पुरलेलं उकरत नाहीत, असं म्हणून घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी तिला ओढून काढलं. त्यात वडील होते. मच्छिंद्रही होता, अठ्ठावीस वर्षांचा.

"टेकावर उबी राहून बघत हुती. पानी झाडाच्या बुडाला लागलं तवा म्हनली, ह्या पान्याचा घोट घेनार न्हाई. ह्यात माजं लेकरू हाय."

मी गाळात बसलो. अकरा आठवडे. दिवसाला तीन लिटर. तळाला माती लावलेला कॅन.

मला माझीच शिसारी आली. हे पाणी मी जन्मभर पितोय, सगळं पुणं पितं, पण ते वेगळं. मी तिला फसवून पाजलं, आणि ती डोळे मिटून प्यायली तेव्हा मी मनात टाळ्या वाजवल्या. मच्छिंद्रला सांगितलं. वाटलं, थोबाडीत मारेल. तो उठला आणि होडी ढकलायला लागला.

मंगळवार, २६ एप्रिल

आईच्या नजरेला नजर देता येत नाही. ऋतुजाला सगळं सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "तू तिला सांगू नकोस. पण उद्यापासून ते पाणी बंद कर."

बुधवार, २७ एप्रिल

रजा टाकली. थेऊरला गेलो. दोन कॅन खरे, विहिरीचे, थंडगार. आईच्या हातात तांब्या दिला.

एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. "ह्ये कुठलं?"

"रोजचंच. थेऊरचं."

"ह्ये नगं. रोजचं आन."

ती म्हणाली, "बस जया." मी तिच्यासमोर फरशीवर बसलो.

"पहिल्याच घोटाला वळीखलं म्या. म्हनलं थुकावं. पर थुकू कशी? चौतीस वर्सं तिला तोंडाशी येऊ दिली न्हाई म्या. न्यायची हुती, न्हेली न्हाई, आन् वर तिच्यावरच रुसून बसले. आन् तू तिला कॅनात घालून जिना चढून आनलीस. तुला तर ठाव बी नव्हतं."

"आई, मी फसवलं तुला."

"व्हय. फसवलंसच." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पर आनलीस."

मी म्हटलं, पाणी खाली गेलंय, जोतं उघडं पडलंय, तुला घेऊन जातो, होडी आता मला नीट येते.

"तितं काय हाय आता? ती हितं येती की. रोज सकाळी सहाला."

मी उठून पिण्याच्या पाण्याच्या हंड्यातून तांब्या भरला आणि दिला. हाताला काही वेगळं लागलं नाही, नेहमीसारखाच जड होता.

रविवार, ८ मे

क्लबला गेलो नाही. गोव्याच्या गृहस्थाचा मेल आलाय, दुसरं गिऱ्हाईक आहे, काय ते कळवा. दोनशे लिटर आईला किती दिवस पुरतील ते कागदावर मांडलं आणि मेल बंद केला. ऋतुजाने मागे उभं राहून पाहिलं. टोमणा मारला नाही, खांद्यावर हात ठेवला.

पेपरात पाणीकपात. धरणात साठा उरला नाही, परवापासून एक दिवसाआड पाणी. मंगळवारी आमच्याकडे नळ येणार नाही. आईला तीनदा सांगितलं. ऐकलं, म्हणाली.

मंगळवार, १० मे

सव्वापाचला जाग आली ती पाटाच्या आवाजाने. आई नळासमोर बसलेली होती, केस विंचरून, तांब्या मांडीवर. आज यायचं नाही, मी पुन्हा म्हणालो. तिने मान हलवली, पण उठली नाही. मीही शेजारी बसलो.

सहा वाजले. तिने चावी सोडली. काही नाही. मी तिला उठवायला हात पुढे केला, आणि पाइपात हवा आली. बारीक, थांबत थांबत, एक फुंकर यायची आणि मग दुसरी. कोरड्या पाइपात असं होतं, मला माहीत आहे.

ऋतुजा दारात येऊन काही विचारणार होती, तर आईने तोंडावर बोट ठेवलं. तिघंही ऐकत राहिलो. किती वेळ ते मी घड्याळात पाहिलं नाही. मग आईने चावी दोन्ही हातांनी, अगदी हळू, करकर होऊ न देता बंद केली.

"निजलीय," ती म्हणाली. "निजू दे आज."

सात वाजेपर्यंत आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात एकही भांडं वाजू दिलं नाही.